तिकीट एकत्र, वेळापत्रक विखुरलेलं: मुंबईच्या वाहतूक यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
मुंबई महानगर प्रदेशात लोकल, बस, मेट्रो आणि बोटी चालवणाऱ्या सर्व यंत्रणांचे प्रमुख

विषय : शहराच्या एका दिवसाच्या सार्वजनिक वाहतुकीची माहिती खुली करण्याबाबत

महोदय, महोदया,

८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ अ‍ॅप सुरू झालं आणि ११ यंत्रणांची तिकिटं एका जागी आली. चांगलं झालं. पण तिकीट एकत्र आलं त्याच दिवशी वेळापत्रकही एकत्र यायला हवं होतं, ते आलं नाही. लोकलचं वेळापत्रक एकीकडे, बसचं दुसरीकडे, मेट्रोचं ‘दर अमुक मिनिटांनी’ अशा एका ओळीत, आणि बोटीचं धक्क्यावरच्या फळ्यावर. आपल्यापैकी प्रत्येकाकडे स्वतःच्या गाड्यांची माहिती आहे. सगळ्या गाड्या मिळून शहराचा दिवस कसा जातो, हे मात्र एकाही जागी पाहता येत नाही. हे पत्र त्यासाठी आहे. आम्ही वाहतुकीचे नकाशे आणि आलेख काढणारी माणसं आहोत आणि याच गाड्यांनी फिरतो. आमचा स्वार्थ एवढाच.

दिवसाचं चित्र म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण ‘डेटा द्या’ असं मोघम म्हटलं की अर्ज मोघम उत्तर घेऊनच परत येतो.

नकाशावर प्रत्येक चालती गाडी म्हणजे एक ठिपका. पहाटे चारच्या सुमारास पहिल्या लोकल निघतात, तेव्हा विरार, कल्याण, पनवेलकडे मोजके ठिपके हलू लागतात. मग आगारांतून बस बाहेर पडतात आणि साडेआठ-नऊला दक्षिणेकडे वाहणारी रेघच तयार होते. २४ तासांचे १,४४० मिनिटं. एका मिनिटाला एक चित्र धरलं आणि सेकंदाला २४ चित्रं दाखवली, तर अख्खा दिवस बरोबर ६० सेकंदांत डोळ्यांसमोरून जातो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी लोकल एका मिनिटात सुमारे ६७० मीटर सरकते, त्यामुळे ठिपका उडी मारल्यासारखा दिसत नाही. सावकाश पाहायचं असेल तर १५ सेकंदांना एक चित्र घ्यावं, चित्रफीत चार मिनिटांची होते.

दुसरा प्रकार कागदावरचा, आणि रेल्वेला तो शिकवायची गरज नाही. रेल्वेच्या कंट्रोल रूममधल्या तक्त्यावर आडवी वेळ, उभी स्थानकं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ असते. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगात. थांबली की रेघ आडवी. पॅरिस-लियाँ मार्गाचा असा तक्ता १९व्या शतकातच छापला गेला होता. चर्चगेट-विरारचा काढला तर फास्टची रेघ स्लोच्या रेघेला कापून पुढे जाते, कारण रूळ वेगळे आहेत. एकाच रुळावरच्या, एकाच दिशेच्या दोन रेघा एकमेकींना कापताना दिसल्या तर माहितीत चूक आहे, एवढं तक्ता स्वतःच सांगतो. वेळापत्रक तपासायचं यापेक्षा स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

यासाठी लागणारी माहिती अवाढव्य असेल असा समज असतो. हिशोब करून पाहू. उपनगरी रेल्वेच्या रोजच्या फेऱ्या तीन हजारांच्या वर आहेत. एका फेरीचे सरासरी २० थांबे धरले तर ६० हजार ओळी. एका ओळीत ५० अक्षरं धरली तर ३० लाख अक्षरं, म्हणजे साधारण ३ एमबी. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढी फाईल. देशातल्या सगळ्यात गर्दीच्या उपनगरी रेल्वेचा अख्खा दिवस एका फोटोएवढ्या जागेत मावतो. मग घोडं पेंड कुठे खातं?

वेळापत्रक असतं, पण यंत्राला वाचता येत नाही. छापील तक्ता पीडीएफमध्ये येतो, कधी त्याचा फोटो येतो. मराठी मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात असला तर नक्कल करून चिकटवल्यावर ‘घाटकोपर’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं उतरतात. आकडे कुठे देवनागरी, कुठे रोमन. बसचा ‘मर्यादित’ एका यादीत पूर्ण, दुसरीत ‘मर्या.’, तिसरीत ‘लि.’, संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे मार्ग. हाताने टाइप करून एखादा मार्ग सुधारता येतो. शहर नाही सुधारता येत, आणि सुधारलं तरी पुढच्या वेळापत्रकाला सगळं पहिल्यापासून.

यावर तोडगा शोधायची गरज नाही, तो २० वर्षांपूर्वी निघाला आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने २००५ साली गूगलसोबत जो साचा वापरला, तोच पुढे जीटीएफएस नावाने जगभर गेला. त्यात गुंतागुंत काही नाही. साध्या मजकुराच्या काही फाइली एका झिपमध्ये बांधायच्या: थांब्यांची, मार्गांची, फेऱ्यांची, प्रत्येक फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता याची, कोणत्या दिवशी कोणती फेरी धावते याची, आणि रस्त्यावरून वा रुळावरून ती नेमकी कशी वळते या आकृतीची. मेट्रोसारखी ठरावीक अंतराने धावणारी सेवा असेल तर प्रत्येक गाडी लिहायचीही गरज नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत दर इतक्या सेकंदांनी’ एवढी ओळ चालते. नावं मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही द्यायची सोयही त्याच साच्यात आहे.

दुसरी अडचण नावांची आहे, आणि ती वाटते त्याहून खोल आहे. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं. व्हीटीचं सीएसटी आणि २०१७ साली सीएसएमटी झालं. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक पश्चिम रेल्वेच्या पुढे, आठपासून सुरू झाले. नावं बदलोत, त्याबद्दल तक्रार नाही. पण माहितीत स्थानकाची ओळख त्याच्या नावानेच ठेवली असेल, तर नाव बदललं की जुना दादर आणि नवा दादर अशी दोन गावं तयार होतात आणि आधीच्या-नंतरच्या वर्षांची तुलना तुटते. प्रत्येक थांब्याला, प्रत्येक फलाटाला कधीही न बदलणारा क्रमांक हवा. नाव ही पाटी आहे, क्रमांक हा सातबारा.

बसथांब्यांचं आणखी अवघड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे दोन थांबे असतात आणि यादीत मात्र एक. अंधेरी स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं असेल तर पाटी ‘आगरकर चौक’ वाचायची असते. मुंबईकराला हे माहीत, संगणकाला नाही. थांब्याचे अक्षांश-रेखांश तीनच दशांश स्थळांपर्यंत दिले तर चूक शंभर मीटरपर्यंत जाते आणि थांबा समोरच्या फुटपाथवर किंवा मागच्या गल्लीत पडतो. पाच स्थळं द्या, चूक मीटरभरावर येते. आणि कृपा करून क्रम तपासा. मुंबई १९ अक्षांश, ७२.८ रेखांशावर आहे. दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली की पूर्ण आगार नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. हसू येतं, पण ही चूक फार नेहमीची आहे.

आकृतीची फाईल नसली की दोन थांब्यांमध्ये सरळ रेघ मारावी लागते. मग माहीम कॉजवेवरून जाणारी बस खाडीतून पोहत जाताना दिसते. आणि आकृती असली तरी ती ताजी हवी. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, सायनचा रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ ला. जुनी आकृती वापरणाऱ्या चित्रात बस त्यानंतरही पाडकाम चाललेल्या पुलावरून निवांत जात राहते. पावसाळ्यात हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे इथे पाणी भरलं की बस दुसऱ्या रस्त्याने वळवतात. ही वळणं दरवर्षी जवळपास तीच असतात. ती आधीच आखून, नाव देऊन ठेवता येतील आणि पाणी चढलं की एका ओळीत चालू करता येतील. आज ती फक्त बस सोडणाऱ्या स्टार्टरच्या डोक्यात आणि वायरलेसवर असतात.

तिसरी गोष्ट तारखेची. मुंबईत ‘रोजचं वेळापत्रक’ असं काही नसतं. रविवारी मेगाब्लॉक असतो, स्लो गाड्या फास्ट रुळांवर जातात, मधली स्थानकं गळतात, सुट्टीच्या दिवशी काही फेऱ्या रद्द होतात, एसी गाडीच्या जागी साधी येते. अनंत चतुर्दशीच्या रात्री जादा लोकल असतात आणि गिरगाव-लालबागकडचे बसमार्ग वळवलेले असतात. ६ डिसेंबरला दादरकडे जादा गाड्या सुटतात. या सगळ्याची सूचना प्रसिद्धीपत्रक म्हणून निघते: ‘सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ या वेळेत माटुंगा-मुलुंड दरम्यान’ या धर्तीचं एक वाक्य. माणसाला ते कळतं. पण कोणत्या ४० फेऱ्या रद्द आणि कोणत्या ६० फेऱ्या कुठे थांबणार नाहीत, हे त्या वाक्यात नसतं. ते ब्लॉकचं नियोजन करणाऱ्या कार्यालयात, तयार तक्त्यात असतं. जीटीएफएसमध्ये तारीखवार अपवादांची वेगळी फाईल याचसाठी आहे. प्रसिद्धीपत्रक शुक्रवारी निघतं, ती फाईलही शुक्रवारीच निघू शकते.

वेळेच्या बाबतीत तीन खड्डे आहेत, ते पटकन सांगतो. मध्यरात्रीनंतर सुटणारी लोकल कोणत्या तारखेची? ड्यूटीच्या हिशोबात ती आदल्या दिवसाची, म्हणून तिची वेळ २४:१५ अशी लिहायची असते. ती ००:१५ लिहिली की रात्री ११:५० ला निघालेली गाडी निघण्याच्या साडेतेवीस तास आधी पोहोचते आणि ठिपका दिवसभर उलटा चालतो. दुसरा, घड्याळ: बसमधलं यंत्र जागतिक वेळ नोंदवतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, हे विसरलं की सकाळी नऊची गर्दी पहाटे साडेतीनला दिसते. तिसरा, मिनिटांची मोडतोड. दोन स्थानकांतला वेळ खरा अडीच मिनिटांचा, तक्त्यात कधी २ आणि कधी ३. चित्रात गाडी अकारण झटके खात जाते. सेकंदांसह वेळ आतल्या तक्त्यात असेल तर तोच द्या.

इथवर वेळापत्रकाचं, म्हणजे ठरवलेल्या दिवसाचं झालं. आमची मुख्य तक्रार मात्र पुढची आहे.

घडलेला दिवस कुठेच जपून मिळत नाही. गाडी आता कुठे आहे हे आज अ‍ॅपवर दिसतं. बसचं दिसतं, मध्य रेल्वेच्या लोकलचं ‘यात्री’ अ‍ॅपवर २०२२ पासून दिसतं. म्हणजे यंत्र बसलेलं आहे, ठावठिकाणा येतो आहे, त्याचा खर्च झालेला आहे. पण तो ठिपका पुढच्या क्षणी पुसला जातो. काल संध्याकाळी सहा ते आठमध्ये एखाद्या मार्गावर किती बस धावल्या, किती मिनिटांच्या अंतराने आल्या, हे आज कोणालाही पाहता येत नाही.

त्याने काय बिघडतं, ते बसच्या एका साध्या गणितातून दिसेल. दर १० मिनिटांनी बस आहे. सगळ्या नीट अंतराने आल्या तर माणूस सरासरी ५ मिनिटं थांबतो. त्याच बस जोडीजोडीने, म्हणजे दोन एकत्र आणि मग २० मिनिटं काही नाही अशा आल्या, तर सरासरी थांबणं १० मिनिटांचं. फेऱ्या तितक्याच, डिझेल-वीज तितकीच, चालक-वाहक तितकेच, आणि प्रवाशाचा वेळ दुप्पट. जोड्या का जमतात तेही तिरक्या रेघांत स्वच्छ दिसतं. एक बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला थांब्यावर माणसंच नसतात, ती पुढे सरकते. दोन्ही रेघा जवळ येत येत चिकटतात. त्या नेमक्या कोणत्या थांब्यापासून चिकटायला लागतात, हे कळलं तर तिथे मागची बस दोन मिनिटं रोखून धरता येते किंवा पुढचीला मधले थांबे न घेता पाठवता येतं. महिन्याअखेरच्या अहवालातल्या ‘एकूण फेऱ्या’ आणि ‘एकूण किलोमीटर’ या दोन आकड्यांत हे कधीच दिसणार नाही. तिथे दोन्ही दिवस सारखेच चांगले.

रेल्वे-मेट्रोच्या जोडांवरही हेच. घाटकोपरला मेट्रो १ आणि लोकल, अंधेरीला तसंच, सीएसएमटीला मेट्रो ३. दोन गाड्या एकाच मिनिटात येऊन एकाच जिन्यावर माणसं सोडतात का, हे एकाच्या वेळापत्रकात दिसत नाही, दोन्ही एकावर एक ठेवल्यावरच दिसतं. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या पुलावर किमान २२ माणसं गेली. त्या दिवशी पाऊस होता, पूल अरुंद होता. वेळापत्रकाच्या चित्राने ते टळलं असतं असा दावा आम्ही करत नाही. पण दोन रेल्वेंच्या गाड्या एकाच पुलावर कोणत्या मिनिटाला किती माणसं उतरवतात, हा प्रश्न कोणत्याही मंगळवारी विचारता यायला हवा आणि त्याचं उत्तर शोधायला दोन कार्यालयांत अर्ज करावा लागू नये.

चित्र काढणाऱ्यांच्या बाजूनेही चुका होतात, त्या लपवत नाही. लोकल आणि बस दोघांनाही सारखाच ठिपका दिला तर नकाशा खोटं बोलतो. गर्दीच्या वेळची १२ डब्यांची लोकल चार हजारांहून जास्त माणसं नेते, बस साठ-सत्तर. म्हणून ठिपक्याचं क्षेत्रफळ माणसांच्या प्रमाणात हवं. व्यास प्रमाणात वाढवला तर लोकल साठपट नाही, काही हजारपट मोठी दिसते. लोकलचा ठिपका बसच्या सुमारे आठपट रुंद, एवढं पुरे. जीपीएसवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. लालबागला बस उड्डाणपुलावरून गेली की खालून, हे त्याला कळत नाही. उंच इमारतींच्या मध्ये ठिपका एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उडी मारतो. मेट्रो ३ तर जमिनीखाली आहे, तिथे जागा सिग्नल यंत्रणेकडूनच घ्यावी लागते. आगारातून थांब्यापर्यंतची रिकामी धाव वेगळी नोंदली नाही तर तीही सेवा म्हणून मोजली जाते. आम्ही काढलेली चित्रं चुकतात ती बहुधा अशा ठिकाणी, आणि चूक दाखवून देणारा माणूस आपल्याच कार्यालयात बसलेला असतो.

आता आपले नेहमीचे आक्षेप.

सुरक्षा: लोकलचं वेळापत्रक स्टॉलवर विकत मिळतं आणि गाडी कुठे आहे हे अ‍ॅप दाखवतं. जे भिंतीवर लावलेलं आहे ते फाइलीत दिल्याने धोका वाढत नाही. दिल्ली सरकारने आयआयआयटी-दिल्लीच्या साथीने २०१८ पासून बसची वेळापत्रकं आणि चालू ठिकाणं खुली ठेवली आहेत. कोची मेट्रोने त्याच वर्षी आपलं वेळापत्रक खुलं केलं.

खासगीपणा: हा आक्षेप खरा आहे आणि आम्हालाही मान्य आहे. म्हणून तिकिटांतला मोबाइल क्रमांक, कार्ड क्रमांक, एखाद्याचा रोजचा प्रवास यातलं काहीही आम्ही मागत नाही. चालक-वाहकांची नावं, बिल्ला क्रमांकही नकोत. उद्या त्यावरून कोणा एकाला धारेवर धरलं जाऊ नये. गाडीला माणसाचं नाव नसतं. गाडीचीच माहिती द्या.

कंत्राट: बस भाडेतत्त्वावरच्या, यंत्र पुरवठादाराचं, अ‍ॅप तिसऱ्याचं, म्हणून माहिती कोणाची हे ठरत नाही, असं ऐकू येतं. मार्गाचा परवाना आपला, थांबा आपला, तिकिटावर नाव आपलं. मग बस कुठून गेली ही नोंदही सार्वजनिक यंत्रणेचीच. जुन्या कंत्राटात तसं कलम नसेल तर पुढच्या निविदेत घाला, आणि जुन्याची मुदत संपेपर्यंत निदान वेळापत्रक द्या. ते तरी कंत्राटदाराचं नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक यंत्रणेने माहिती आपणहून, नियमितपणे, इंटरनेटसह सगळ्या माध्यमांतून द्यायची आहे, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी येईल. केंद्राचं माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ चं आहे आणि त्यात यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपाचा उल्लेख आहे. त्याखाली वापरायचा परवाना २०१७ पासून तयार आहे. नवा कायदा, नवी समिती, नवं सल्लागार कंत्राट यातलं काही लागत नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक यंत्रणेने आपलं पूर्ण वेळापत्रक जीटीएफएस साच्यात, एकाच कायमच्या पत्त्यावर, नोंदणी किंवा पासवर्डाशिवाय ठेवावं. वेळापत्रक बदलण्याच्या किमान सात दिवस आधी नवी फाईल यावी आणि जुन्या फाइली पुसू नयेत. कोणी आधीच देत असेल तर ती चालू ठेवावी, एवढंच.

२. स्थानक, फलाट आणि बसथांबा यांना कायमचे क्रमांक, आणि ते क्रमांक सगळ्या यंत्रणांत एकमेकांशी जोडलेले. घाटकोपर लोकल, घाटकोपर मेट्रो आणि बाहेरचा बसथांबा ही एकाच जागेची तीन दारं आहेत हे फाइलीत लिहिलेलं असावं, चालायला किती सेकंद लागतात त्यासह. हे काम एका यंत्रणेने करण्यासारखं नाही, ‘मुंबई वन’साठी जे एकत्र बसले त्यांनी पुन्हा एकदा बसावं.

३. मेगाब्लॉक, सण, वळवलेले मार्ग यांची तारीखवार फाईल प्रसिद्धीपत्रकासोबतच.

४. घडलेल्या दिवसाची नोंद: प्रत्येक फेरी प्रत्येक थांब्यावर प्रत्यक्ष किती वाजता आली आणि सुटली, रद्द झालेल्या फेऱ्यांसह, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत. कच्चे जीपीएस ठिपके आम्ही लगेच मागत नाही. २,५०० बसनी १६ तास दर १० सेकंदांना ठिकाण पाठवलं तर दिवसाला १ कोटी ४४ लाख ओळी होतात. ते सांभाळणं सोपं नाही हे कळतं. थांब्यावरच्या वेळा त्याच्या मानाने मूठभर आहेत, आणि वर सांगितलेली जवळपास सगळी चित्रं तेवढ्यातून निघतात.

५. चूक कळवायला एक पत्ता आणि तिथे बसणारा एक माणूस, ज्याला थांब्याची यादी बदलायचा अधिकार आहे.

बोटींसाठी वेगळी मागणी करत नाही. भाऊचा धक्का, मार्वे-मनोरी, वर्सोवा-मढ यांचं वेळापत्रक भरती आणि पावसाळा पाहून चालतं. हंगामी सेवा म्हणून तारखा घालून ते पहिल्या मागणीतच बसतं. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, वसई-विरारच्या पालिकांच्या बस मात्र विसरू नयेत. मुंबईचा दिवस दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यावर संपत नाही.

सगळं एकदम जमणार नसेल तर एका मंगळवारापासून सुरुवात करा. सण नसलेला, ब्लॉक नसलेला, साधा मंगळवार. त्या एका दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक आणि त्याच दिवसाची घडलेली नोंद, दोन झिप फाइली. त्यातल्या चुका शोधून, थांब्यानिशी यादी करून आम्ही पंधरा दिवसांत आपल्याकडे परत पाठवू, आणि चित्रं आपल्या संकेतस्थळावर मोफत लावायला देऊ.

कळावे,

मुंबईतले काही नकाशे आणि आलेख काढणारे, रोजचे प्रवासी